चढताना बरा, उतरताना दुखरा

आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. सगळा दिसत नाही. कड्याचा एक तुकडा, त्यावरचा प्रक्षेपणाचा मनोरा आणि रात्री मनोऱ्याचा लाल दिवा. लग्न होऊन या घरात आले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तो दिवा मी कधी नीट पाहिला नव्हता. २०२२ च्या पावसाळ्यात रात्र रात्र पाहिला. ढग खाली उतरले की तो विझल्यासारखा व्हायचा, वारा सुटला की पुन्हा दिसायचा. गोळीचा असर साधारण दोन वाजता उतरायचा. तिथून पहाटेच्या दुधाच्या गाडीपर्यंत मी आणि तो दिवा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा परळी खोऱ्यात, दोन शिक्षकी. रोज सकाळी समर्थ मंदिरावरून बोगदा ओलांडायचा आणि सज्जनगडाच्या दिशेने स्कूटर सोडायची. जुलैचा तिसरा आठवडा होता, खोऱ्यात भाताची लावण चाललेली. चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी एका वळणावर चिखल सांडला होता आणि त्यावर भुरभुर पाऊस पडत होता. गाडी कधी घसरली ते मला कळलंच नाही. कुणी धडक दिली नाही, कुत्रं आडवं आलं नाही, माझा वेगही जास्त नव्हता. उजवा पाय गाडीखाली सापडला. लावणीला वाकलेल्या बाया बांध तुडवत धावत आल्या. त्यातल्या एकीने माझं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या लुगड्याला चिखलाचा वास येत होता आणि त्या वासावर मी बराच वेळ मन धरून होते, एवढं आठवतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून समजावून सांगितलं. नडगीच्या हाडाचा वरचा माथा सपाट असतो, एखाद्या ओट्यासारखा. मांडीचं हाड त्याच्यावर टेकतं. माझा तो ओटा एका बाजूने फुटून खचला होता. तो वर उचलायचा, खालची पोकळी भरायची, पट्टी आणि स्क्रू लावून धरून ठेवायचा. “आणि १२ आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचा नाही.” ऑपरेशनबद्दल मी काही विचारलं नाही. १२ आठवडे म्हणजे कुठली तारीख, एवढंच मनात मोजलं. दसऱ्यानंतर.

त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझं सगळं भांडण तिथून सुरू झालं. करोनाची दोन वर्षं माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. २०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली. जूनच्या शेवटी पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली तेव्हा आम्ही सहा-सात जणी लोणंदला गेलो. मी दरवर्षी जायची. तळावर वारकऱ्यांचे पाय चेपायचे, फोडांना मलम लावायचं, तेल चोळायचं. परभणीकडच्या एका म्हाताऱ्या माउलीचे पाय मी अर्धा तास चेपले असतील. टाचांना अशा भेगा, की बोटाचं पेर आत जावं. तिने उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “पाय सलामत राहू दे गं बाई तुझे.” त्याला एक महिनाही झाला नव्हता.

हॉस्पिटलातल्या पहिल्या रात्री मला हेच वाक्य आठवत राहिलं. मी कुणाचे हात चेपले असते, डोळे पुसले असते, तर एक वेळ समजून घेतलं असतं. मी पाय चेपले होते. हिशेब इतका उघड होता की तो कुणी मुद्दाम मोडलाय असंच वाटलं. तोवर माझी श्रद्धा ही एक वहीच होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. डाव्या पानावर माझे उपास, पारायणं, वारीची सेवा. उजवं पान त्याने भरायचं. मी ते कधी तोंडाने बोलले नव्हते, पण वही होती. घरी आल्यावर मी सांगून टाकलं की माझ्या खोलीत उदबत्ती आणू नका.

भेटायला येणाऱ्यांचं मन मला दुखवायचं नाही. पोवई नाक्यावरून कंदी पेढे घेऊन आलेली माणसं, दोन बस बदलून आलेली मावशी, या सगळ्यांचा माझ्यावर जीव होता. पण “काहीतरी चांगल्यासाठीच झालं असेल” हे वाक्य ऐकलं की माझ्या छातीत काहीतरी घट्ट व्हायचं. कुणाच्या चांगल्यासाठी? आणि “पॉझिटिव्ह राहा.” हो म्हणायची मी. पायाला सूज इतकी, की कातडी काचेसारखी चकाकायची आणि माणूस दारात चपला घालता घालता हे सांगून निघून जायचं. दुखण्याच्या जवळ कुणी थांबायचंच नाही. सगळ्यांना मला लवकर पलीकडे न्यायची घाई. बोलता बोलता मी इथेच, अलीकडे राहून जायची.

थांबल्या त्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आई म्हणतो. तेव्हा त्यांना ७१ वं चालू होतं, दोन्ही गुडघे झिजलेले. हे सकाळी आठला कामावर जायचे, मुलगी बारावीत, तिचा क्लास. दिवसभर घरात आम्ही दोघीच. पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत दाबून धरलं. मला बेडपॅन लागणार होतं आणि ते त्यांच्या हातून घ्यायचं होतं. आमच्यात भांडण असं कधी नव्हतं, पण मोकळेपणाही नव्हता. मी त्यांच्यासमोर कधी पाय पसरून बसले नव्हते. शेवटी डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनीच ओळखलं. त्या काही बोलल्या नाहीत. खिडकीचा पडदा ओढला, भांडं सरकवलं, माझ्या कमरेखाली हात घालून मला उचललं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नंतर ते भांडं घेऊन मोरीकडे जाताना त्यांचा पाय लचकत होता. त्या लचकत्या चालीकडे बघत मी पडून राहिले. पुढचे पाच आठवडे, दिवसातून चार वेळा. एकदाही त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही. हे मी भक्तीने लिहीत नाही, मी रोज निरखून बघायची. आठी दिसावी असं मला कुठेतरी वाटतही असावं, म्हणजे माझं वाईट वाटणं तरी खरं ठरलं असतं.

कळ असली तरी गुडघा वाकवायला लगेच सुरुवात करायची होती, नाहीतर सांधा आखडून बसतो. फिजिओथेरपीला एक तरुण मुलगी घरी यायची. तिच्याकडे कोनमापकासारखं एक साधन होतं, दोन पट्ट्या आणि मध्ये चकती. रोज ती माझ्या गुडघ्याला ते लावायची आणि वहीत आकडा लिहायची. पहिला आकडा २०. पायाखाली ओढणी घालून टाच स्वतःकडे ओढायची, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. ऐकायला काहीच नाही. दहा वेळा केलं की माझं पोलकं घामाने भिजायचं. ती विचारायची, “शून्य ते दहा, किती दुखतंय?” आधी मी उगीच तीन-चार सांगायची, चांगली विद्यार्थिनी असल्यासारखी. एक दिवस ती पट्ट्या बाजूला ठेवून म्हणाली, “ताई, खरा आकडा सांगा. खोट्या आकड्यावर मला व्यायाम ठरवता येत नाही.” मी म्हटलं, आठ. आणि रडले. त्या दिवशी तिने व्यायाम कमी केला नाही, फक्त माझ्या गतीने घेतला.

तिनेच मला सांगितलं की सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६० अंश वाकावा लागतो. जिना चढायला ९० च्या आसपास, उतरायला त्याहून थोडा जास्त. खुर्चीतून न धरता उठायलाही ९० च्या वर. आणि उकिडवं बसायला १३० किंवा त्याच्या पुढे. मग मला माझं सगळं आयुष्यच अंशांत दिसायला लागलं. स्वयंपाकघर ६०, गच्ची ९०, शाळेची एसटीची पायरी त्याहून वर. देवघरापुढे मांडी घालून बसणं कुठेतरी टोकाला. मी देवावर रागावले होते, तरी आपण त्याच्यापुढे परत कधी जमिनीवर बसू शकणार नाही या विचाराने मला जे झालं ते रागाहून फार वेगळं होतं.

आईंचा नेम होता, रोज दुपारी दासबोधाचा एक समास. देवघरात बसून वाचायच्या. माझ्या आजारपणात त्या माझ्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून वाचायला लागल्या, मला ऐकवायला म्हणून नव्हे, मी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. मी भिंतीकडे तोंड करायची. ऑगस्टमधल्या एका दुपारी त्या वाचता वाचता अडखळल्या आणि पानं उलटायला लागल्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, “आजारांची यादी आलीय. घरात दुखणं असताना कशाला वाचायची, पुढचं वाचते.” मी म्हटलं, “नाही, तेच वाचा.”

तिसऱ्या दशकातला सहावा समास होता तो. समर्थांनी तिथे तीन तापांपैकी पहिल्याचं वर्णन केलं आहे, शरीराच्या आतून उठणाऱ्या त्रासांचं. खरूज, नारू, देवी, गोवर, अशी ओवीमागून ओवी नुसती दुखण्यांची नावं. मला वाटलं होतं, आता उपदेश येईल. येईना. नावंच येत राहिली आणि दर थोड्या वेळाने तेच पालुपद, याचं नाव आध्यात्मिक ताप. दुसऱ्या दिवशी सातवा, बाहेरून होणाऱ्या त्रासांचा. ठेस लागणं, काटा मोडणं, सराटे, माशा, मुंग्या, डास, जळवा. एवढा मोठा विरक्त माणूस, आणि त्याने डास सोडला नाही. मी पहिल्यांदा हसले. आईंना विचारलं, “चिखलावरून घसरणं कशात येतं हो?” त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “आधिभौतिकात.” आठवा समास, मेल्यानंतरच्या यातनांचा, तो मात्र त्यांनी ओठ मिटून मनात वाचला.

त्या दोन दुपारी माझ्यात काय हललं ते मी पुष्कळदा स्वतःशी तपासून पाहिलंय. मला कुणी उत्तर दिलं नव्हतं. माझ्या दुखण्याला नाव मिळालं होतं आणि ते नाव देणारा माणूस घाईत नव्हता. तो मला पलीकडे ढकलत नव्हता. आधी सगळं लिहून घेऊ, काय काय दुखतं ते सांग, अशा थाटात तो बसला होता, शून्य ते दहा विचारणाऱ्या त्या मुलीसारखा. देवाधर्माचं बोलणारा माणूस दुखण्याच्या इतक्या जवळ बसू शकतो हे मला माहीतच नव्हतं. माझ्या वहीत दुखण्यासाठी पानच नव्हतं.

सहाव्या आठवड्यात एक्स-रे काढला. मोडल्याची रेघ पुसट झाली होती. डॉक्टर म्हणाले, कातडी फाटली की व्रण राहतो, पण हाड हाडानेच भरून येतं. जुनं कुरतडून काढणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं रचणाऱ्या वेगळ्या, आणि दोघींचं काम आयुष्यभर चालू असतं. मी घरी येऊन खूप वेळ त्यावर विचार करत राहिले. ज्या रात्री मी लाल दिव्याकडे बघत सकाळ होऊच नये म्हणत होते, त्याही रात्री हे काम चालू होतं. मी सांगितलं नव्हतं. मी रुसले होते म्हणून ते थांबलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी मुलीला म्हटलं, देवघरातला दिवा लावलास की दार उघडं ठेव, मला इथून दिसेल.

दसऱ्याच्या सुमाराला भार द्यायला परवानगी मिळाली, पण थोडा थोडा. वजनकाटा आणायचा, दुखरा पाय त्यावर ठेवायचा, वॉकरला धरून काटा १० किलोवर येईपर्यंत दाबायचं. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. मला वाटायचं, हाड पक्कं झालं की भार द्यायचा असतो. डॉक्टर म्हणाले, हाड जुळायला लागलं की पुढचा पक्केपणा भारानेच येतो. ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने ते स्वतःला रचून घेतं. १८९२ मध्ये ज्युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदाने हा नियम मांडला. माझ्या मुलीने लगेच भर घातली की म्हणूनच अंतराळात राहून आलेल्यांची हाडं विरळ होतात, तिथे भार नसतो ना. पहिल्यांदा पाय काट्यावर ठेवला तेव्हा तळव्याला लागलेला तो गार पृष्ठभाग मी विसरणार नाही. अकरा आठवडे त्या तळव्याला काही लागलंच नव्हतं. आकडा आला ४. मी घाबरून पाय उचलला. मग ७. मग १०.

खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कोयता, ह्यांचे पाने-स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून पूजा होते. त्या वर्षी सकाळी बघते तर आईंनी पाटाशेजारी माझा वॉकर उभा केलेला, त्याला झेंडूची माळ. आणि वजनकाट्यावर हळदकुंकू. म्हणाल्या, “हत्यारंच की ही पण.” मी खुर्चीवर बसून नमस्कार केला. अडीच महिन्यांनंतरचा तो पहिला.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेत गेले, एका काठीवर. माझ्या सोबतच्या गुरुजींनी चारही वर्ग एकट्याने ओढले होते. त्यांचे उपकार मी कसे फेडणार! पोरं आधी जरा लांब उभी राहिली. मग तिसरीतल्या एकीने विचारलं, “बाई, आत खरंच लोखंड आहे?” मी म्हटलं, आहे. “लोहचुंबक चिकटंल का?” चिकटत नाही, पण आम्ही लावून बघितलं, प्रयोगाच्या पेटीतलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून पाहिलं तर मैदानात सात-आठ पोरांची रांग. सगळ्यांत पुढे एक मुलगी, हातात निरगुडीची काठी, उजवा पाय ओढत चाललेली. मागची सगळी तशीच ओढत. ‘बाई-बाई’ खेळत होती. माझ्या पोटात गोळा आला. माझी चाल बाहेरून अशी दिसते तर! मी आत जाऊन बसले. पण त्यांचं हसू ऐकू येत होतं आणि त्यात वेडावणं कुठेच नव्हतं. ती नवरा-नवरी खेळतात, कंडक्टर-कंडक्टर खेळतात, तसं हे. जगात चालण्याची आणखी एक तऱ्हा आली होती आणि त्यांनी ती खेळायला घेतली होती. दुसऱ्या दिवशी पुढे कुणी व्हायचं यावरून भांडण झालं, ते मीच मिटवलं.

गुडघा आता ११५ वर थांबलाय. पावसाची हवा सुटली की पट्टीच्या जागी ठणकतं. मांडी घालता येत नाही, देवघरापुढे एक छोटं स्टूल ठेवलंय. उदबत्ती लावते, पण वही मिटली ती मिटलीच. मी पाय चेपले म्हणून पाय वाचेल असं आता मी धरत नाही, आणि पाय मोडला म्हणून त्या माउलीचा आशीर्वाद खोटा पडला असंही नाही. स्टुलावर बसले की आधी काय दुखतंय ते सांगते, खरा आकडा सांगते. मग हात जोडते. याहून मोठी प्रार्थना मला येत नाही.

माघ वद्य नवमीला समर्थांची पुण्यतिथी, दासनवमी. १६८२ साली याच गडावर त्यांनी देह ठेवला. २०२३ च्या दासनवमीची गर्दी ओसरल्यावर मी आणि आई सज्जनगडावर गेलो. वाहनतळापासून पुढे पायऱ्याच. फिजिओच्या मुलीने मला एक नियम पाठ करून घेतला होता, चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चांगल्या पायाने शरीर वर उचलायचं, आणि खाली जाताना दुखऱ्याला आधी टेकवून चांगल्याने सावकाश सोडायचं. मी मनात तेच म्हणत चढले. दर वीस पायऱ्यांना थांबलो. ज्या रस्त्यावर पडले तो रस्ता खाली दिसत होता, पलीकडे उरमोडीचं पाणी.

रामाचं मंदिर वर, समाधी त्याच्या पोटात खाली. पायऱ्या उतरायच्या होत्या. भिंतीला धरून मी दुखरा पाय आधी खाली टाकला. तळव्याला गार दगड लागला, पहिल्या दिवशीच्या त्या काट्यासारखाच. आत मी काही मागितलं नाही. नुसती उभी राहिले.

शेजघरात समर्थांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्यात. पलंग, पाण्याचे हंडे आणि त्यांची कुबडी, जिच्या आत गुप्ती आहे. शाळेच्या सहलींबरोबर मी ती कितीतरी वेळा पोरांना दाखवली होती, दरवेळी गुप्तीचंच सांगत. या खेपेला मी तिच्या वरच्या आडव्या भागाकडे बघत होते, हात जिथे टेकतो तिथे. आईंनी माझ्या कोपराला हळूच हात लावला, मागे माणसं खोळंबली होती.

प्रसादाला गव्हाची खीर होती. पंगत जमिनीवर, मी भिंतीकडेला एका कट्ट्यावर. वाढणाऱ्या मुलाने न विचारता माझं ताट हातात आणून दिलं.

उतरायला लागलो तेव्हा उन्हं कलली होती. खरी परीक्षा उतरतानाच असते, गुडघ्याला ते जड जातं. आई दोन पायऱ्यांतच कठड्याला टेकल्या. मी म्हटलं, “आई, नियम लक्षात ठेवा. उतरताना दुखरा आधी.”

“माझे दोन्ही दुखरे गं,” त्या म्हणाल्या.

मी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात त्यांच्यापुढे केला. खालून एक माणूस लहान मुलाला खांद्यावर घेऊन चढत येत होता, आम्हाला वाट द्यायला तो बाजूला थांबला. आईंनी एक पाय उचलला, जरा विचार केला, तो ठेवून दुसरा उचलला.

“कुठलाही टाका,” मी म्हटलं. “मी धरलंय.”